तार कुठंतरी टेकतेय

आमच्या घरी दोन तंतुवाद्यं आहेत. एक माझ्या आईचा मिरजेचा तंबोरा. तो आता सौभाग्यवतींच्या ताब्यात आहे, आणि दिवाळीच्या साफसफाईतसुद्धा त्याच्यावरची धूळ पुसण्याचा अधिकार मला नाही. दुसरं वाद्य म्हणजे चिरंजीवांची विजेवरची गिटार.

ही गिटार विजेवरची खरी, पण आमच्या घरात तिला वीज मिळत नाही. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढं आमचं बिऱ्हाड. भिंतीपलीकडचे आजी-आजोबा रात्री नऊला दिवा मालवतात. तेव्हा गिटार घरात आली त्याच दिवशी मी वटहुकूम काढला की, आवाज वाढवणारी पेटी पलंगाखाली राहील आणि वादन सुकंच होईल. याहून जास्त काही बोलायला मला जागा नव्हती. चिरंजीवांनी वर्षभर शेजारच्या मुलांना गणित शिकवून, त्या पैशांतून ती एकाकडून जुनी घेतली होती.

तरी मी बोललो. ही गेल्या वर्षीची गोष्ट. गणपती उठले त्याच आठवड्यात मी रात्री निबंधांच्या वह्या तपासत बसलो होतो. पलीकडच्या खोलीतून झिर्र, चर्र, खर्र असा आवाज येत होता. बरणीत माशी अडकावी तसा. मी मान वर न करता म्हणालो, "अरे, तुझ्या हातात सूर नाही. कशाला त्या वाद्याला त्रास देतोस?" आणि त्याच झटक्यात समोरच्या वहीवर लाल शाईनं शेरा मारला : 'भाषा कर्कश. सुधारणा हवी.'

त्यानंतर घरात शांतता झाली. खरं सांगतो, वाचकहो, मला ती आवडली. तीन आठवडे मी त्या शांततेत सुखानं वह्या तपासल्या.

एका शनिवारी सकाळी ही चकलीची भाजणी भाजता भाजता म्हणाली, "उद्या एक मुलगा गिटार बघायला येणार आहे. विकतोय तो."

"का बरं?"

"तुम्हीच म्हणालात ना, हातात सूर नाही म्हणून? तो म्हणतो, बाबा अठरा वर्षं शिकवताहेत, त्यांना कळत असेल."

अठरा वर्षांत माझ्या शब्दावर इतका विश्वास एकाही विद्यार्थ्यानं टाकलेला नाही. टाकला तो नेमका या वाक्यावर, आणि तेही घरच्याच मुलानं. चहा घशाखाली उतरेना.

"आणि एक सांगू का?" हिनं झारा खाली ठेवला. "हातच वाईट असता तर सगळेच सूर वाईट आले असते. त्याचे काही सूर अगदी स्वच्छ येत होते. तुम्ही नीट ऐकलंत कुठं? त्याची तार कुठंतरी टेकतेय."

ही गोष्ट तिला कळावी यात नवल नाही. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा रुंद असतो. तार त्याच्यावरून जाताना जेमतेम त्याला चाटून जाते, आणि तारेखाली सरकवलेला दोरा बोटानं मागंपुढं करत गेलं की एका जागी ती तार बोलू लागते. हीच ती जवारी. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली आपल्या वाद्यांच्या या रुंद घोडीवर शास्त्रीय लेख लिहिला होता. तंबोऱ्याचं सगळं वैभव या टेकण्यात आहे. पण ते टेकणं मागून घेतलेलं. न मागता तार कुठं टेकली की त्याच झंकाराची खरखर होते.

मी चिरंजीवांच्या खोलीत गेलो. गिटार पुसून पिशवीत भरलेली होती.

"काढ जरा बाहेर," मी म्हणालो. "ऐकायची आहे."

"राहू दे बाबा. ती सुकी अशीच वाजते."

"अशीच म्हणजे कशी? बारीक, की खरखरीत?"

तो थांबला. या दोन तक्रारी वेगळ्या आहेत, हे त्याच्याही ध्यानात आलेलं नव्हतं. सुकी गिटार बारीक वाजायचीच. तिला तंबोऱ्यासारखा भोपळा नाही की साध्या गिटारसारखं पोकळ पोट नाही. पोकळ पोटाचं वाद्य विजेच्या पेटीसमोर मोठ्यानं वाजवलं की पेटीतला आवाज पुन्हा त्या पोटात शिरतो आणि सगळं मिळून किंचाळू लागतं. म्हणून सबंध लाकडाच्या गिटारी निघाल्या. लिओ फेंडर यांच्या कंपनीनं तशी गिटार १९५० साली बाजारात आणली. तारांखाली चुंबक आणि त्याच्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेढे. पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत वीज उमटते आणि पुढचं काम पेटी करते. तेव्हा पेटीवाचून आवाज लहान असणं हा दोष नव्हे. खरखर मात्र कुठून तरी येते, आणि जिथून येते ती जागा सापडू शकते.

मी लाल पेन्सिल आणि एक कोरा कागद घेतला. कागदावर सहा तारा आखल्या, त्यांना आडवे बावीस पडदे आखले. ("पडदे नाही बाबा, फ्रेट." "सतारीला असते तर पडदेच म्हणाला असतास.") तो एकेक पडदा दाबून तार छेडी, मी कान देई, आणि खरखरला की फुली मारी. इतक्या बारकाईनं मी पीएच.डी.चा प्रबंधही कधी तपासलेला नाही.

अर्ध्या तासात कागद बोलू लागला. फुल्या दोन जातींच्या होत्या. एका जातीची फुली एकाच सुरावर पडत होती, मग तो सूर कुठल्याही तारेवर, कुठल्याही पडद्यावर काढा. म्हणजे दोष तारेचा नव्हता. वाद्यावर कुठलीतरी सैल वस्तू त्या एका सुराला ओ देत होती. तसं असलं की तो सूर वाजत ठेवायचा आणि एकेका वस्तूवर बोट दाबत जायचं. पाठीमागच्या पोकळीतल्या स्प्रिंगा, घोडीवरचे इवलाले स्क्रू, खुंट्या. चौथ्या खुंटीच्या मुळाशी बोट टेकलं आणि आवाज थांबला. तिथला नट सैल होता. पान्याचा अर्धा फेरा, की काम झालं.

दुसऱ्या जातीच्या फुल्या दांडीच्या वरच्या टोकाशी गर्दी करून होत्या. जाड तारा मोकळ्या छेडल्या तरी खरखरत, पहिल्या चार पडद्यांवरही खरखरत, पण पुढे खाली सरकलं की स्वच्छ. नुसती मोकळी तार खरखरली असती तर वरच्या पट्टीतली खाच खोल गेली असं म्हणता आलं असतं. एकाच पडद्यावर खरखरली असती तर त्याच्या पुढचा पडदा वर आलेला असता. इथं मात्र ओळीनं चार पडदे तक्रार करत होते.

"दांडीच मागं वाकलीये," चिरंजीव पुटपुटले.

दांडी अगदी सरळ असावी असं मला वाटत होतं. तसं नसतं. थरथरणारी तार मध्यभागी जास्त हलते, म्हणून दांडीला पुढच्या बाजूनं किंचित पोक हवा. तो मोजायचा सोपा मार्ग असा : जाड तार पहिल्या पडद्यावर आणि दांडी जिथं धडाला मिळते तिथल्या पडद्यावर दाबून धरायची, आणि सातव्या-आठव्या पडद्यापाशी खालची फट बघायची. साधारण पाव मिलीमीटर हवी, म्हणजे एक भेटकार्ड सरकेल एवढी. आमच्याकडे तिथं कागदही सरकेना.

"पहिल्यापासून अशी खरखरायची का रे?"

तो आठवू लागला. "नाही. गणपतीत तारा बदलल्या, तेव्हापासून. आधीच्या जाड होत्या, बोटं सोलायची. मी बारीक घातल्या."

घ्या! आधीच्या संचातली सर्वांत बारीक तार ०.०१० इंचाची, नव्या संचातली ०.००९ इंचाची. फरक केसाएवढा, पण सहा तारांची मिळून ओढ सुमारे सेहेचाळीस किलोंवरून अडतीसवर येते. दांडीच्या पोटात एक लोखंडी सळई असते. गिब्सन कंपनीतल्या एका कारागिरानं १९२३ साली या युक्तीचं पेटंट मिळवलं. तारा दांडीला पुढं ओढतात, सळई मागं धरते. आमच्या सळईचा ताण जाड तारांच्या हिशेबानं कसलेला होता. समोरची ओढ कमी झाली आणि दांडी मागं गेली. हातात सूर नाही, हा माझा निकाल आणि या बारीक तारा एकाच आठवड्यातल्या. बिचाऱ्या हाताचा संबंधच नव्हता.

षट्कोनी किल्ली त्याच्याकडे होती. सळई पाव फेरा सैल केली. इथं जोर लावायचा नाही, पाव फेऱ्याच्या पुढं घाईनं जायचं नाही, आणि किल्ली फिरेना तर कारागीर गाठायचा. तारा पुन्हा सुरात लावल्या आणि वाद्य रात्रभर ठेवून दिलं, कारण लाकूड सावकाश ऐकतं. त्या बाबतीत ते माझ्यासारखंच.

रविवारी सकाळी भेटकार्ड सरकलं. चारही पडदे स्वच्छ वाजले. फक्त जाड तारेवर खाली गेलं की एकाच सुराचे दोन सूर होऊन गरगरत होते. आवाज मोठा यावा म्हणून यानं चुंबक वर उचलून ठेवलं होतं, आणि ते तारेलाच ओढत होतं. वीज नसली तरी चुंबक झोपत नाही. दोन स्क्रू फिरवून ते खाली घेतलं.

एवढं होतंय तोच गिऱ्हाईक दारात. त्या मुलानं गिटार मांडीवर घेतली, दोन मिनिटं सुकीच वाजवली आणि म्हणाला, "छान बोलते हो. ठरलं होतं त्यापेक्षा पाचशे जास्त देतो." चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिलं. मी हिच्याकडे पाहिलं. हिनं त्या मुलापुढे चकल्यांची बशी ठेवली आणि सांगितलं, "खाऊन घे बाळ. गिटार विकायची नाहीये."

तो गेल्यावर मी घसा साफ केला. "त्या रात्रीचं माझं वाक्य खोडून टाक."

"लाल शाईनं?" चिरंजीव म्हणाले.

मी निरुत्तर झालो, कारण त्या रात्रीची ती वही मला आठवली. 'भाषा कर्कश. सुधारणा हवी.' कुठल्या वाक्यात? कुठल्या शब्दापाशी? त्या मुलीला मी काहीच सांगितलं नव्हतं. दिवाळीच्या सुटीनंतर मी ती वही परत मागून घेतली. चार पानं पुन्हा वाचली. मुलगी बरी लिहीत होती; दुसऱ्या पानावर दोन वाक्यं 'आणि'नं जोडायच्या ऐवजी 'परंतु'नं जोडली होती, आणि तिथून पुढचा सगळा परिच्छेद खरखरत होता. मी त्या एका शब्दाभोवती वर्तुळ काढलं. वही हातात घेऊन ती म्हणाली, "सर, एवढंच?"

आता या गोष्टीला वर्ष होईल. पलीकडचे आजोबा परवा भेटले, म्हणाले, "तुमच्या मुलाची ती पेटी एकदा ऐकवा की. भिंतीतून नुसती कुणकुण येते, पुरतं काही कळत नाही." तेव्हा पाडव्याला संध्याकाळी सहा ते सात पेटी पलंगाखालून निघणार आहे. जाड तार पहिल्या पडद्यावर अजून थोडी झिरझिरते. चिरंजीवांचं म्हणणं, एवढी झिरझिर चुंबकाला ऐकू जात नाही, पेटीतून येणार नाही, राहू दे. हिचं म्हणणं, ती जवारी आहे.

मी यंदा मत दिलेलं नाही. मी आधी ऐकणार आहे.