जमिनीवर आल्यावर बरा होणारा बिघाड

फलटण-लोणंद रस्त्यावरच्या कुठल्याही गॅरेजात जुनी मोटारसायकल ढकलत न्या. मिस्त्री आधी टाकीचं झाकण उघडतो आणि कान देतो. आत हवा शिरल्याचा 'सुस्स' आवाज आला की तो हसतो. झाकणाचं भोक बुजलेलं असतं. पेट्रोल जितकं खाली उतरेल तितकी हवा वरून आत यायला हवी. ती आली नाही की टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. झाकण उघडलं की गाडी सुरू. नाहीच झाली तर कार्बोरेटर उघडायचा, जेटमधून फुंकर मारायची, पाइप झटकायचा. आणि शेतावरच्या डिझेल इंजिनाने एअर धरली तर फिल्टरचा बोल्ट सैल करून, फेस जाऊन सलग तेल येईपर्यंत पंप मारायचा, हे इथल्या शाळकरी पोरालाही कुणी शिकवावं लागत नाही.

या विद्येची थट्टा मला करायची नाही. नांदल-सुरवडीला कमिन्सची इंजिनं तयार होतात, साखरवाडीच्या कारखान्याने कित्येक पिढ्या फिटर घडवले. यंत्राचा आवाज ऐकून दुखणं ओळखणारी माणसं या तालुक्यात कमी नाहीत. पण या सगळ्या विद्येच्या मुळाशी एक गृहीत आहे, ते इतकं सवयीचं की कुणी बोलून दाखवत नाही: गाडी बंद पडली तर ती रस्त्याच्या कडेला उभी करता येते.

घरी बांधलेल्या विमानाचा प्रश्न इथून सुरू होतो.

सातारा जिल्ह्याला या विषयाचं कौतुक असणं साहजिक आहे. कॅप्टन अमोल यादव मूळचे पाटण तालुक्यातले. कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. २०१७मध्ये नोंदणी झाली, २०१९मध्ये चाचणी उड्डाणाची परवानगी हाती आली आणि २०२०मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून ते उडालं. आपल्याकडे ही गोष्ट सांगितली गेली ती जिद्दीची आणि सरकारी लाल फितीची. दोन्ही खरं आहे. पण त्या सगळ्या बातम्यांत टाकीपासून इंजिनापर्यंत पेट्रोल कसं जातं, याबद्दल एक ओळ वाचल्याचं मला आठवत नाही. वाचकाला त्यात रस नसतो, हे मान्य. मात्र ज्या पोराला ती बातमी वाचून स्वतःचं विमान बांधावंसं वाटतं, त्यालाही तो रस लागत नाही आणि तिथे माझी काळजी सुरू होते. ऑगस्ट २०२१मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत एका हुशार वेल्डर तरुणाचा स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरच्या चाचणीत, जमिनीवरच, पाते लागून जीव गेला. तो बिघाड इंधनाचा नव्हता. त्याचं कौतुक करणारे पुष्कळ होते. 'हा जोड कशाने तपासलास' असं विचारणारं जवळ कुणी नसावं, असं मात्र वाटत राहतं.

इंधनाचे बिघाड वेगळ्या जातीचे आहेत. पातं तुटलं तर तुकडा हातात राहतो. इंधनाचा बिघाड पुष्कळदा पुरावा स्वतःच पुसून टाकतो.

टाकीच्या हवेच्या नळीचंच घ्या. विमान चार-सहा आठवडे शेडमध्ये उभं राहिलं की कुंभारीण माशी त्या बोटाएवढ्या नळीत मातीचं घर बांधते. खिडकीच्या चौकटीत, कुलपाच्या भोकात ती बांधते तसंच. इंजिन सुरू होतं, जमिनीवर छान चालतं, विमान वर जातं. टाकीतली पोकळी सावकाश वाढत जाते आणि पंधरा-वीस मिनिटांनी इंजिन अडखळू लागतं. वैमानिक कसाबसा शेतात उतरतो. मग पहिलं काम काय करतो? टाकीत पेट्रोल आहे का ते बघायला झाकण उघडतो. पोकळी भरून निघते. इंजिन पुन्हा सुरू होतं, जणू काही झालंच नव्हतं.

दुसरं दुखणं बर्फाचं. साताऱ्यात बर्फ, म्हटल्यावर कुणीही हसेल. कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तिथेच पेट्रोलची वाफ होते आणि दोन्ही मिळून तापमान वीसेक अंशांनी सहज खाली येतं. बाहेर २४ अंश आणि पावसाळी ओल असेल तर आतल्या झडपेवर बर्फ धरतो. म्हणजे काश्मीरच्या थंडीपेक्षा आपला ऑगस्ट या बाबतीत वाईट. फेरे हळूहळू कमी होतात. यावर इलाज म्हणून गरम हवेची कळ असते, पण ती ओढली की वितळलेलं पाणी इंजिनात जातं आणि ते आधीपेक्षा जास्त खोकतं. नवशिका घाबरून कळ परत ढकलतो. उतरल्यावर मिस्त्री कार्बोरेटर उघडतो तेव्हा आत काहीही सापडत नाही, कारण बर्फ केव्हाच वितळून गेलेला असतो.

तिसरं, वाफ धरणं. डिझेल इंजिनाने धरलेली एअर बाहेरून येते. इथे पेट्रोलच नळीत उकळून वाफ होतं. एप्रिलच्या दुपारी विमान उन्हात उभं आहे, इंजिन नुकतंच बंद केलंय, नळी सायलेन्सरच्या जवळून गेलीय. पंप वर आणि टाकी खाली असेल तर पंप पेट्रोल ओढतो, ओढल्याने नळीतला दाब कमी होतो आणि उकळणं आणखी सोपं होतं. वर गेल्यावर हवेचा दाबही घटतो, पाच हजार फुटांवर जवळपास सहाव्या हिश्शाने. संध्याकाळी नळी गार झाली की सगळं सुरळीत.

तीन वेगळी कारणं आणि लक्षण एकच: वर गचके, खाली ठणठणीत. गॅरेजची सवय इथे घात करते. तिथे 'सुरू झाली' म्हणजे 'दुरुस्त झाली'. विमानाच्या बाबतीत, कारण न सापडता बरं झालेलं इंजिन हे बंद पडलेल्या इंजिनापेक्षा अधिक संशयास्पद मानावं लागतं. हे पटवून देणं फार अवघड आहे. चार महिन्यांनी सुटीचा दिवस मिळालाय, मित्र बघायला आलेत, इंजिन गोड चालतंय, आणि तुम्ही म्हणायचं की आज उडायचं नाही!

म्हणून शोधाची पद्धतच उलटी करावी लागते. आधी काही उघडायचं नाही, झटकायचं नाही. टाकी बदलण्याच्या नळाची मूठ कुठे होती, टाक्यांत किती पेट्रोल होतं, उतरायला किती मिनिटं झाली होती, बाहेर किती ऊन होतं, हे लिहून काढायचं. हवेच्या नळीत काडी घालण्याआधी तिच्या टोकाला रबरी नळी लावून फुंकून बघायचं. खालच्या गाळणीतलं पेट्रोल काचेच्या बरणीत घेऊन उजेडात धरायचं. गाळणी धुवून टाकण्याआधी पांढऱ्या फडक्यावर झटकायची, कारण तिच्यातला कचरा आपलं गाव सांगतो. राखाडी पापुद्रे असतील तर टाकीच्या आतला लेप सुटतोय. काळी भुकटी असेल तर रबरी नळी आतून विरघळतेय. पांढरे मऊ धागे असतील तर कुणीतरी जोडांना नळकामाची पांढरी टेप गुंडाळली आहे. विमानाच्या इंधनाच्या जोडांना ती टेप लागतच नाही. तिथले फुगवलेल्या तोंडाचे जोड ३७ अंशांचे असतात, धातू धातूवर बसतो. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात ते मोटारीचे, ४५ अंशांचे. दोन्ही एकमेकांत बसल्यासारखे वाटतात, पण टेकतात एका बारीक रेषेवर. मग गळतं म्हणून टेप येते आणि टेपेचा धागा जेटमध्ये जाऊन बसतो. परदेशी जोड महाग, हे खरं. पण ही बचत कुठे जाऊन वसूल होते ते बघायला हवं.

आणि बदल एका वेळी एकच. पंप, गाळणी, नळी असं सगळं एका दुपारी बदललं आणि इंजिन नीट चाललं, तर नेमका दोषी कोण हे कधीच कळत नाही. कदाचित तो अजून आत बसलेला असतो.

हौशी बांधणारा आराखड्यात बदल करतो तेव्हा तो बहुधा चांगल्या हेतूनेच करतो. अमेरिकी गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियातल्या माँटेरेच्या किनाऱ्याजवळ कोसळून गेला, ते विमान असंच घरी बांधलेलं लाँग-ईझी होतं. बर्ट रुटान यांच्या मूळ आराखड्यात टाकी बदलण्याचा नळ वैमानिकाच्या पुढ्यात होता. बांधणाऱ्याने तो मागे, डाव्या खांद्यामागे नेला, पेट्रोलच्या नळ्या बसायच्या जागेत नकोत म्हणून. म्हणजे सुरक्षेसाठीच! मुठीवर खुणा नव्हत्या. टाक्यांचे मापकही मागे आणि तेही बिनखुणांचे. उडण्याआधी डेन्व्हर आणि तिथल्या तंत्रज्ञाने त्या मुठीला पक्कड लावून पाहिली, तरी हात पोचेना. पेट्रोल भरायला त्याने नकार दिला, थोडा वेळच उडणार होता. अमेरिकेच्या चौकशी मंडळाचा निष्कर्ष असा की मागे वळून नळ फिरवण्याच्या धडपडीत उजवं पायटं दाबलं गेलं आणि विमान हातातून सुटलं. विमान त्याच्यासाठी नवं होतं, त्याचं पुरेसं प्रशिक्षण झालेलं नव्हतं, हेही मंडळाने नोंदवलं. इंधनव्यवस्थेतला बिघाड म्हणजे तुंबलेली नळीच असं नाही. हात न पोचणारा नळ हाही बिघाडच, फक्त तो जमिनीवर सगळ्यांना दिसत होता.

त्याच मंडळाने २०१२मध्ये घरी बांधलेल्या विमानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या हलक्या खासगी विमानांत त्यांचा वाटा १० टक्क्यांच्या आसपास, पण २०११च्या जीवघेण्या अपघातांत २१ टक्के. मंडळाच्या शिफारशींत एक अगदी साधी होती: उडण्याआधी इंधनव्यवस्थेची प्रत्यक्ष चाचणी घ्या आणि ती कागदावर नोंदवा.

ही चाचणी बादली आणि घड्याळ घेऊन होते. समजा १०० अश्वशक्तीचं रोटॅक्स इंजिन आहे. उड्डाणाच्या वेळी ते तासाला २७ लिटरच्या वेगाने पेट्रोल पितं. पंप नसताना पेट्रोल आपोआप उतरत असेल तर या गरजेच्या दीडपट प्रवाह यायला हवा, पंप असेल तर सव्वापट. म्हणजे कार्बोरेटरपाशी नळी सोडून बादलीत धरली तर दहा मिनिटांत पावणेसात लिटर, किंवा पंपाने साडेपाचाच्या वर. पण अट अशी की विमानाचं नाक चढावर असतं तितकं, थोडं जास्तच, वर उचललेलं हवं आणि टाकीत पेट्रोल तळाशीच हवं. सपाट जमिनीवर भरल्या टाकीने ही चाचणी पास करणारे पुष्कळ असतात. नळ्यांत आणि कार्बोरेटरच्या वाटीत साठलेलं पेट्रोल इंजिन सुरू करायला, धावपट्टीपर्यंत जायला आणि जमीन सोडायला बरेचदा पुरतं. ते संपतं तेव्हा विमान दोन-तीनशे फुटांवर असतं. फलटणच्या आसपास त्या उंचीवरून खाली काय दिसतं? ऊस, नीरेचे कालवे आणि विजेच्या तारा.

ऊस म्हटल्यावर फलटणचा या गोष्टीशी असलेला दुसरा संबंध निघतोच. इथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकापासून गोड ज्वारीपासून इथेनॉल काढण्यावर काम केलं. देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल घालण्याचा सध्याचा कार्यक्रम सुरू व्हायच्या कितीतरी आधी. त्यांच्या स्टोव्हची आणि कंदिलाची गंमत अशी होती की त्यात निम्म्याच्या आसपास पाणी मिसळलेलं इथेनॉल चालायचं. पाण्याशी इथेनॉलची दोस्ती आहे, म्हणून भडका उडण्याची भीती कमी. स्वयंपाकघरासाठी तो गुणच.

विमानाच्या टाकीत तोच गुण दावा साधतो. देशात २००३मध्ये ५ टक्क्यांनी सुरू झालेलं मिश्रण २०२२मध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५मध्ये २० टक्क्यांवर पोचलं. उसाच्या पट्ट्याला त्याचा फायदा आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण रोटॅक्ससारखी कंपनी आपल्या या इंजिनांसाठी १० टक्क्यांपर्यंतच मुभा देते. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल दमट हवेतलं पाणी मुरवून घेतं आणि दिसू देत नाही. विमान वर चढतं, दर हजार फुटांना दोनेक अंश गारवा वाढतो, आणि मुरलेलं पाणी इथेनॉलला बरोबर घेऊन वेगळं होऊन तळाशी बसतं. तळाशीच तर इंजिनाकडे जाणाऱ्या नळीचं तोंड असतं. सकाळी बरणीत काढलेलं पेट्रोल निर्मळ दिसलं होतं, हे खोटं नसतं. शिवाय फायबरच्या टाक्यांचे काही राळलेप आणि जुन्या प्रतीचं रबर इथेनॉलने मऊ पडतं, सुटतं. साध्या पेट्रोलसाठी बसवलेल्या जेटमधून २० टक्के इथेनॉल गेलं की मिश्रण पातळ होतं, कारण इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो आणि ते जाळायला हवा कमी लागते. इंजिन तापतं आणि तापलेल्या इंजिनाजवळची नळी वाफ धरते.

विमानाचं खास निळसर पेट्रोल, एव्हगॅस १०० एलएल, इंडियन ऑइलने सप्टेंबर २०२२पासून वडोदऱ्याच्या शुद्धीकरण कारखान्यात बनवायला घेतलं. तोवर ते बाहेरूनच यायचं. पण ते गावच्या पंपावर मिळत नाही, आणि हौशी माणूस कॅन घेऊन गावच्या पंपावर जातो. तिथल्या माणसाला विचारलं तर तो पाटी दाखवेल. त्यापेक्षा काचेची मोजनळी घ्यावी, तीत १० मिलीलिटर पाणी ओतून खूण करावी, वर १०० मिलीलिटरपर्यंत ते पेट्रोल भरावं, बूच लावून खळखळून हलवावं आणि पंधरा मिनिटं स्वस्थ ठेवावं. पाण्याची रेघ होती तिथेच राहिली तर पेट्रोल शुद्ध. आजच्या आपल्या पंपावरचं पेट्रोल असेल तर ती रेघ दुपटीच्याही वर चढलेली दिसते.