कोकणकन्येने हरवलेले विमान

सिंधुदुर्गातील चिपी विमानतळाचे उद्घाटन 9 ऑक्टोबर 2021 रोजी झाले. त्या वेळचे मुंबईच्या विमानाचे वेळापत्रक आज पुन्हा काढून पाहावे. अलायन्स एअरचे एटीआर मुंबईहून 11 वाजून 35 मिनिटांनी निघायचे, 1 वाजता चिपीला टेकायचे, 25 मिनिटांत परतीला लागायचे आणि 2 वाजून 50 मिनिटांनी मुंबईत उतरायचे. आता कुडाळच्या कोणाचे मंत्रालयात काम आहे असे धरा. सोमवारी हे विमान पकडून, सामान घेऊन, टॅक्सीने नरिमन पॉइंट गाठेपर्यंत कचेरीतले लोक डबे आवरू लागलेले असणार. म्हणजे काम मंगळवारी आणि परतीचे विमान बुधवारी दुपारी. तिकिटाशिवाय दोन रात्रींच्या लॉजचा खर्च वेगळाच. तोच माणूस सोमवारी रात्री कुडाळला कोकणकन्येत बसला तर मंगळवारी पहाटे मुंबईत असतो, दिवसभर काम उरकतो, रात्री परतीची गाडी धरतो आणि बुधवारी सकाळी घरी चहा पितो. दीड तासाच्या आतले विमान रात्रभराच्या रेल्वेपुढे हरते ते असे.

छोट्या विमानतळांवरून नवे मार्ग सुरू करण्याची चर्चा आपल्याकडे धावपट्टीची लांबी, टर्मिनलची इमारत आणि शहरांची नावे यांच्यापुढे सहसा जात नाही. दिल्ली जोडा, बेंगळुरू जोडा, अहमदाबाद जोडा, अशी निवेदने दिली जातात. पहिल्या विमानावर पाण्याचे फवारे उडतात, फोटो निघतात. विमान किती वाजता आणि आठवड्यातून किती दिवस, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते छोट्या विमानतळाचे भवितव्य याच दोन प्रश्नांवर ठरते. ‘उडान’ योजनेचा अनुभव बोलका आहे. या योजनेतले पहिले विमान एप्रिल 2017 मध्ये उडाले. निम्म्याच्या आसपास तिकिटे ठरलेल्या कमाल भाड्यात विकायची आणि कंपनीला होणारी तूट तीन वर्षे सरकारने भरून द्यायची, असा हा व्यवहार. नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांच्या 2023 च्या अहवालानुसार तिसऱ्या फेरीपर्यंत वाटलेल्या 774 मार्गांपैकी 403 सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या 371 पैकी 112 मार्गांनी तीन वर्षांची मुदत पुरी केली आणि मार्च 2023 पर्यंत त्यातले अवघे 54 टिकून होते. चिपीच्या मुंबई सेवेचेही तेच झाले. ऑक्टोबर 2024 मध्ये तीन वर्षे भरली आणि विमान थांबले.

दुपारची वेळ कोणी हौसेने निवडत नाही. मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. फेब्रुवारी 2024 मध्ये तर गर्दीच्या तासांतली विमानांची ये-जा ताशी 46 वरून 44 वर आणण्याचा आदेश निघाला. अशा ठिकाणी सकाळी आठची वेळ, म्हणजे धंद्याच्या भाषेत स्लॉट, मिळणे म्हणजे दादरला फलाटासमोर गाळा मिळण्यासारखे. 70 आसनांचे एटीआर धावपट्टी जवळपास तेवढाच वेळ अडवते, जेवढा 180 आसनांचे एअरबस. शिवाय 80 पेक्षा कमी आसनांच्या देशी विमानांना उतरण्याचे शुल्क माफ ठेवण्याचे धोरण आपल्याकडे वर्षानुवर्षे चालत आले आहे. छोट्या शहरांच्या भल्यासाठी दिलेली ही सवलत नेमकी त्यांच्याच मुळावर येते, कारण फुकट उतरणाऱ्या पाहुण्याला मोक्याची वेळ कोण देणार? मग वाट्याला उरलेली दुपार येते. दुपारच्या विमानात मागणी कमी दिसते, आणि ‘प्रवासीच नाहीत’ असा निष्कर्ष काढून मार्ग बंद होतो. गैरसोयीच्या वेळी दुकान उघडून गिऱ्हाईक मोजण्यातला हा प्रकार आहे.

यावर पहिला आक्षेप मोपाचा. गोव्याचा हा विमानतळ जानेवारी 2023 मध्ये सुरू झाला; तिथे विमाने भरपूर आणि स्पर्धेमुळे भाडीही बऱ्याचदा कमी. मग चिपी हवेच कशाला? या आक्षेपात तथ्य आहे. सावंतवाडी-बांद्याचा प्रवासी मोपालाच जाणार आणि त्याने जावेही. दिल्लीचा पर्यटकही चिपीच्या नादी लागणार नाही. म्हणूनच चिपीने शहरांची यादी वाढवत मोपाशी बरोबरी करू नये. फ्लाय91 ने 2024 मध्ये चिपीहून बेंगळुरू, हैदराबाद आणि पुण्याच्या फेऱ्या सुरू केल्या, त्या चांगल्याच. पण मालवण, देवगड, कणकवली, कुडाळ या पट्ट्याचा रोजचा व्यवहार मुंबईशी आहे. चाकरमानी गणपतीला येतो हे सगळ्यांना माहीत असते. उरलेले अकरा महिने पोटापाण्यासाठी, इलाजासाठी, कागदांसाठी उलटी ये-जा चालते, ती कोणी मोजत नाही. त्यातला एक हिस्सा कमी झाला हेही कबूल करायला हवे, कारण ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाच्या कामासाठी सिंधुदुर्गकरांना कोल्हापूरचे सर्किट बेंच आहे. बाकीचा मात्र कुठे गेलेला नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. एसटीच्या गाड्या खिळखिळ्या असताना आणि महामार्गाचे रडगाणे सरत नसताना विमानात बसणाऱ्यांसाठी सरकारने पैसे का मोजावेत? बिनशर्त मोजायचे असतील तर मोजूच नयेत, असे माझेही मत आहे. पण राज्याने ते मोजायला सुरुवात केलीच आहे. सोलापूर-मुंबई सेवेची तूट भरून देण्याचा निर्णय 2025 मध्ये झाला. तेव्हा वाद पैसे द्यावेत की नाहीत एवढाच न ठेवता ते कशासाठी, यावर आणला पाहिजे. रिकाम्या आसनामागे भरपाई देण्याऐवजी सकाळी नऊच्या आत मुंबईत पोहोचणारी आणि संध्याकाळी परतणारी रोजची फेरी, एवढीच अट करारात घालावी. आठवड्यातून तीन दिवसांच्या फेरीला दमडीही देऊ नये. सकाळी सुटायचे तर विमान रात्री चिपीच्या सड्यावरच मुक्कामाला हवे. म्हणजे अंधारात उतरण्याची सोय, वैमानिकांची निवास व्यवस्था, नियंत्रण कक्षाचे वाढीव तास. खर्च आहे, पण नव्या टर्मिनलच्या तुलनेत किरकोळ.

आणि आता तर कुलाब्यापासून अंधेरीपर्यंत रखडण्याचे कारणही उरलेले नाही. नवी मुंबई विमानतळाचे 8 ऑक्टोबर 2025 रोजी उद्घाटन झाले. तिथून अटल सेतूने दक्षिण मुंबई गाठता येते. टाटा मेमोरियलचे खारघरचे केंद्र तर परळपेक्षाही जवळ. सिडकोमुळे राज्य सरकारचाही या विमानतळात वाटा आहे. तिथल्या सकाळच्या वेळा बड्या कंपन्यांच्या ताब्यात जाऊन पक्क्या होण्याआधी राज्यातल्या छोट्या विमानतळांसाठी रोज चार-सहा स्लॉट राखून ठेवायला लावणे सरकारच्या आवाक्यात आहे. विमानांची वेळापत्रके वर्षातून दोनदा बदलतात, मार्चअखेरीला आणि ऑक्टोबरअखेरीला. जिल्ह्यातल्या लोकप्रतिनिधींनी पुढचे निवेदन देताना त्यात शहराचे नाव नंतर लिहावे, आधी घड्याळातली वेळ लिहावी.