जाहीर आवाहन : सही करण्याआधी सभेला या

यवतमाळ जिल्ह्यातील समस्त ग्रामस्थ बंधू-भगिनींनो,

१५ ऑगस्टची ग्रामसभा जवळ आली आहे. दरवर्षी झेंडावंदन आटोपतं, मुलं खाऊ घेऊन घरी जातात, माणसं डवरणी-निंदणाला निघतात आणि सभेच्या सतरंज्या रिकाम्या राहतात. मग रजिस्टर घरोघरी फिरतं. ओसरीवर बसूनच आपण सही करतो. वर कोणता ठराव लिहिला जाणार, हे विचारत नाही.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ नुसार गावातला प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्य आहे. गणपूर्तीला सर्वसाधारणपणे १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते. तेवढेही आले नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग हजर असलेल्या मोजक्यांचा निर्णय अख्ख्या गावाचा ठरतो.

पाच वर्षांतून एकदा दिलेल्या मताने आपण माणूस निवडतो. पांदण रस्ता आधी की शाळेची गळकी खोली, हे त्या मतातून कळत नाही. ते गावाने बसून बोललं तरच ठरतं. असा विचारपूर्वक केलेला ठराव हाती असला, की आपला सरपंच पंचायत समितीत आणि आमदारांपुढे ठामपणे बोलू शकतो.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाने हे करून दाखवलं. तिथे अभ्यासगटात विषय आधी समजून घेतला जातो आणि ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय होतो. २००९ मध्ये या गावाने आपल्या जंगलावरचा सामूहिक वनहक्क मिळवला.

म्हणून कळकळीची विनंती :

१. नोटीस लागताच विषय वाचा. सभेआधी एका संध्याकाळी पारावर बसून त्यावर बोला.

२. महिलांची स्वतंत्र सभा ग्रामसभेआधी घ्यायची असते. ती कागदावर उरकू देऊ नका.

३. केळापूर, झरी जामणी, मारेगाव, राळेगाव, घाटंजी भागांतल्या पेसा (अनुसूचित क्षेत्राचा पंचायत कायदा) लागू असलेल्या गावांनी लक्षात ठेवावं : आपल्या पोडालाही (वस्तीलाही) स्वतंत्र ग्रामसभेची मागणी करता येते.

४. विरोधातलं म्हणणं पूर्ण ऐकून घ्या. ठराव वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका.

त्या दिवशी शेतातलं काम दोन तास थांबवा आणि घरातल्या प्रत्येक मतदाराला सोबत घेऊन सभेला या.

आपल्याच जिल्ह्यातील एक ग्रामस्थ