ईदीचे बी आणि साबुदाण्याचे झाड



रमजान ईदला आमच्या धाकटीने ईदीतले साडेतीनशे रुपये माझ्या हातावर ठेवले आणि मोबाइलवरचा एक फोटो दाखवला. कुंडीत बुटके झाड, पंजासारखी पाने, पानांच्या कडा पांढऱ्या, कोवळ्या पानांवर गुलाबी झाक. खाली लिहिले होते, ‘जपानी मॅपल, बुटकी जात, वीस बिया, कुठल्याही हवामानात येते.’ “अम्मी, गच्चीवर लावू या.” ईदीचे पैसे तिचे, हौसही तिची. मी नाही म्हटले नाही.

पाकीट आले. बी मोहरीसारखे गोल. मी तेव्हाच ओळखायला हवे होते, कारण मॅपलच्या बीला पंख असतो. दोन बिया जोडीने लागतात आणि गरगर फिरत खाली येतात. तरी आम्ही पेरले. पोर रोज फजरनंतर गच्चीवर जाऊन कुंडी बघायची. दोन महिने काहीच उगवले नाही. विकणाऱ्याला लिहिले, तर उत्तर आले की तुम्ही पाणी जास्त घातले असेल.

मग मी नीट वाचून काढले. खरे बी असते तरी फोटोतले झाड मिळाले नसते. हे झाड मूळचे जपान-कोरियाकडचे. थुनबर्ग नावाच्या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७८४ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले, त्यातल्या ‘पाल्मॅटम’चा अर्थ पंजासारखे. याचे बी रुजण्याआधी दोन-तीन महिने ओल्या थंडीत ठेवावे लागते. शिवाय बियांतून येणारे रोप आईसारखेच निघेल याचा भरवसा नाही. पांढऱ्या कडांची बुटकी जात टिकवायची तर कलमच करावे लागते, जसे आपण हापूसचे करतो. म्हणून अशा जातीचे ‘बी’ कोणी विकत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवा.

आता कलम आणले तर? धाकटीला विचारले, पानाचा हिरवा रंग काय करतो? ती म्हणाली, “झाडासाठी अन्न तयार करतो.” मग पांढरी कड? थोडा विचार करून म्हणाली, “ती नुसती बसून खाते. भाईजानसारखी.” तिचे उत्तर बरोबर होते. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसते, त्यामुळे झाडाची ताकद मुळातच कमी, आणि कडक उन्हात तोच भाग आधी करपतो. जपानी मॅपलला वर्षातून काही महिने खऱ्या थंडीची झोप लागते. ती मिळाली नाही तर पुढच्या हंगामातले अंकुर जोमाने फुटत नाहीत. आपले बुलढाणे अजिंठ्याच्या डोंगरावर, घाटाखालच्या मलकापूर-शेगावपेक्षा थंड, हे खरे. पण मे महिन्यात आपल्याकडेही पारा चाळिशीला टेकतो आणि सुकी हवा पानांतले पाणी ओढून घेते. त्यात बोअरचे खारट पाणी आणि चिकट काळी माती. काश्मीर-हिमाचलसारख्या थंड मुलखात हे झाड लावा, इथे तो त्या झाडावर जुलूम आहे.

पोर रुसली. मी तिला नर्सरीत घेऊन गेले आणि तिथे तिला पंजा सापडला. साबुदाण्याचे झाड, म्हणजे टॅपिओका, पण चितकबऱ्या पानांचा. मधोमध पिवळसर पांढरा, कडेला हिरवा, देठ लाल. आपल्या उन्हात मजेत वाढतो. पावसाळ्यात वीतभर कांडी कुंडीत खोचली की रुजते. कुंडीला खाली भोक हवे आणि मातीत वाळू व शेणखत. मे महिन्यात दुपारची सावली द्या. उंच व्हायला लागला की छाटा, बुटका राहतो. एखादी फांदी पूर्ण हिरवी निघाली तर ती मुळापासून काढा, नाहीतर जोरदार हिरवी फांदी चितकबरीला दाबून टाकते. आम्ही वजूचे पाणी बादलीत धरतो आणि तेच कुंड्यांना घालतो.

पण एक गोष्ट काळजीने ऐका. आपण लावलेल्या झाडाचे माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले तरी लावणाऱ्याला सदक्याचा सवाब मिळतो, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. मीही त्याच भरवशावर कुंड्या खाली अंगणात ठेवल्या होत्या. शेजारची बकरी फाटकातून तोंड घालू लागली, तेव्हा नर्सरीवाल्याचे बोलणे आठवले. टॅपिओकाच्या कच्च्या पानांत आणि कंदात सायनाइड तयार करणारे द्रव्य असते. बकरीने भरपूर पाला खाल्ला तर ती मरू शकते. आपला साबुदाणा सुरक्षित आहे, कारण कंद कुटून, धुऊन, त्यातला स्टार्च वेगळा काढून, भाजून तो बनवतात. पण बागेतले पान किंवा कंद कोणी चाखायचा नाही. शेजारणीची ती एकच बकरी, बकरी ईदसाठी वर्षभर पाळलेली. काही झाले असते तर मी तिला कोणत्या तोंडाने भेटले असते?

त्याच संध्याकाळी मगरिबच्या आधी तिन्ही कुंड्या गच्चीवर चढवल्या. धाकटीने जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर ‘खाऊ नका’ असे उर्दू आणि मराठीत लिहून कुंडीला बांधले. बकरीला वाचता येत नाही, असे तिचा भाऊ म्हणाला. जुलैत छाटणी करू तेव्हा कांड्या निघतील. हव्या असतील त्यांनी घेऊन जा. घरी बकरी किंवा रांगते मूल असेल तर मात्र त्याऐवजी पांढऱ्या कडांची बोगनवेल सांगीन. काटे आहेत, ते सांभाळा.