चानीचा राग राहू द्या

सुरतेत उधना-लिंबायतच्या खानदेशी घरांतली कॉलेजची पोरं ‘ड्यून’ चित्रपटमालिकेच्या तिसऱ्या भागाच्या शेवटावरून आतापासूनच हिरिरीने भांडताहेत. बहुतेकांना नायक पॉल आणि त्याची प्रेयसी चानी पुन्हा एकत्र यायला हवेत. मला नकोत. हा भाग ज्यावर बेतला आहे, त्या फ्रँक हर्बर्टच्या १९६९च्या ‘ड्यून मसाया’ कादंबरीत पॉल सम्राट आहे आणि त्याच्या नावाने अब्जावधी माणसं मारली गेली आहेत; तारणहारापासून सावध राहा, हेच हर्बर्टला सांगायचं होतं. २०२४च्या दुसऱ्या चित्रपटात चानी, कादंबरीत नाही तशी, संतापून पॉलकडे पाठ फिरवते. चानी झालेल्या झेंडायाचा तो चेहरा विसरता येत नाही! तो संताप समेटात विझवू नये. वाळवंटातल्या फ्रेमेन लोकांच्या रिवाजाप्रमाणे आंधळा पॉल वाळवंटात एकटा निघून जातो, तेवढं मात्र कादंबरीतलं जसंच्या तसं हवं.