विमानाच्या टाकीत पंपावरचे इथेनॉलमिश्रित पेट्रोल नको. धाराशिवच्या इथेनॉलला विमान इंधनाचा शास्त्रशुद्ध मार्ग द्या

प्रति,
मा. केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

मार्फत : मा. जिल्हाधिकारी, धाराशिव.

विषय : पिस्टन इंजिनाच्या हलक्या विमानांसाठी इथेनॉलमुक्त इंधनाची हमी मिळणे आणि जिल्ह्यातील इथेनॉलपासून विमान इंधन तयार करण्यास चालना मिळणे याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सही करणारे धाराशिव जिल्ह्यातील ऊस उत्पादक शेतकरी, वैमानिक प्रशिक्षण घेणारी मुले-मुली आणि त्यांचे पालक आपणांस हे निवेदन सादर करीत आहोत.

प्रारंभीच नमूद करतो की आमचा इथेनॉलला विरोध नाही. कमी पावसाच्या या जिल्ह्यात ऊस जगवणे सोपे नाही, आणि इथेनॉलचा पैसा कारखान्याकडे वेळेत आला तर आमचे उसाचे बिलही वेळेत निघते. रांजणी, चोराखळी येथील कारखान्यांनी हा मार्ग धरला आहे. 2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत चोराखळीच्या कारखान्याने इथेनॉल प्रकल्पातच फेरबदल करून रुग्णांसाठी ऑक्सिजन तयार केला, याचा जिल्ह्याला अभिमान आहे. 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने वाहनांसाठी इथेनॉलमुक्त पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका फेटाळली. आमची मागणी त्या स्वरूपाची नाही. रस्त्यावरच्या वाहनांचा प्रश्न वेगळा आणि हवेतल्या विमानाचा वेगळा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट केंद्राने 2030 वरून 2025 वर आणले आणि ते गाठले. त्यामुळे पंपावर मिळणारे साधे पेट्रोल आता ई-20 आहे. दुसरीकडे प्रशिक्षणाची लहान विमाने, मायक्रोलाइट आणि पॉवर्ड पॅराग्लायडर पिस्टन इंजिनावर चालतात. यातील बहुतेक प्रशिक्षण विमानांचे मूळ इंधन एव्हगॅस 100 एलएल. ते पूर्वी आयात होत असे. सप्टेंबर 2022 पासून इंडियन ऑइल ते वडोदऱ्याच्या रिफायनरीत तयार करते. मात्र ते गावोगावी मिळत नाही, महाग पडते आणि त्यात शिसे असते. म्हणून ज्या इंजिनांना शिसेविरहित मोटार पेट्रोल चालते, त्यांचे मालक पंपाकडे वळतात. धोका नेमका इथे आहे.

उड्डाणापूर्वी वैमानिक टाकीच्या तळाचा नळ उघडून थोडे इंधन पारदर्शक नळीत काढतो आणि उजेडात धरतो. एव्हगॅसमध्ये पाणी असेल तर ते खाली वेगळे बसलेले दिसते. ते काढून टाकले की काम झाले. इथेनॉल मात्र पाणी स्वतःत सामावून घेते. नळी स्वच्छ दिसते आणि पाणी टाकीतच राहते. विमान वर चढताना हवा दर हजार फुटांना सुमारे 2 अंशांनी थंड होते, तशी इंधनाची पाणी धरून ठेवण्याची क्षमता घटते. मर्यादा ओलांडली की पाणी व इथेनॉलचा एकत्र थर तळाशी बसतो, आणि इंजिनाला जाणारी नळीही तळाजवळच असते. रस्त्यात दुचाकी बंद पडली तर ती कडेला घेता येते. आकाशात कडा नसते.

पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे की नाही, हे कोणालाही तपासता येते. खुणा असलेल्या काचेच्या नळीत 10 मिलिलिटर पाणी घ्यावे, वर 90 मिलिलिटर पेट्रोल ओतावे, बूच लावून हलवावे व स्थिर ठेवावे. इथेनॉल नसेल तर पाण्याची रेघ 10 वरच राहते. ई-20 असेल तर इथेनॉल पाण्यात उतरते आणि खालचा थर दुपटीहून वर चढतो.

इतर परिणामही गंभीर आहेत. जुन्या इंजिनांतील रबरी नळ्या, सील व ओ-रिंग इथेनॉलने फुगतात वा कडक होतात. काही फायबरच्या टाक्यांचे रेझिन मऊ पडते. मिश्रणामुळे इंधनाची वाफ लवकर होते. मराठवाड्याच्या मे महिन्यातील उन्हात तापलेल्या नळीत वाफ अडकली, तर नेमके उड्डाण घेताना इंजिन खोकू लागते. शिवाय इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. शंभर लिटर ई-20 भरले तरी सहा-सात लिटर पेट्रोल कमी भरल्यासारखेच होते, आणि परतीचे अंतर त्या हिशेबावर ठरत असते.

जगाचा अनुभवही हेच सांगतो. अमेरिकेत मोटार पेट्रोलसाठी विमानांना मिळणाऱ्या पूरक मंजुऱ्यांत इथेनॉलमिश्रित पेट्रोल वर्ज्य आहे. हलक्या विमानांत सर्रास आढळणाऱ्या रोटॅक्स 912 इंजिनाच्या उत्पादकाने 10 टक्क्यांपर्यंतच इथेनॉलला मुभा दिली आहे. आपल्या पंपावर त्याच्या दुप्पट आहे. ब्राझीलमधील इपानेमा हे शेतीफवारणीचे विमान 2004 पासून निव्वळ उसाच्या इथेनॉलवर उडते, पण त्याचे इंजिन व इंधनयंत्रणा त्यासाठीच घडवून प्रमाणित केलेली आहे.

धाराशिवची धावपट्टी 2009 मध्ये लातूर, नांदेड, बारामती व यवतमाळसोबत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने खासगी कंपनीकडे दिली. नियमित प्रवासी विमानसेवा येथून आजही नाही. आमची मुले वैमानिक होण्यासाठी बारामती, शिरपूर, गोंदियाची वाट धरतात. उद्या आपल्या धावपट्टीवर प्रशिक्षण सुरू व्हावे ही आमची इच्छा आहे, पण ते इंधनाची सोय आधी आणि उड्डाण नंतर, याच क्रमाने व्हावे.

इथेनॉलने आकाशात जाण्याचा योग्य मार्गही उपलब्ध आहे. इथेनॉलवर रासायनिक प्रक्रिया करून त्याचे जेट इंधन करता येते. त्यात अल्कोहोल उरत नाही. 19 मे 2023 रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या प्रवासी विमानात पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने देशी कच्च्या मालापासून तयार केलेले शाश्वत विमान इंधन मिसळले होते. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी 2027 मध्ये 1 टक्का, 2028 मध्ये 2 टक्के व 2030 मध्ये 5 टक्के असे इंधन वापरण्याचे उद्दिष्ट देशाने ठेवले आहे. त्यात ऊस पिकवणाऱ्या जिल्ह्याला वाटा मिळालाच पाहिजे.

तरी आमच्या पुढील मागण्या मान्य कराव्यात :

1. इंजिन व विमान उत्पादकाने लेखी मुभा दिलेल्या टक्केवारीपेक्षा अधिक इथेनॉल असलेले पेट्रोल कोणत्याही विमानात, मायक्रोलाइटसह, भरू नये, असे बंधनकारक परिपत्रक नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने काढावे व ते मराठीतही उपलब्ध करावे.

2. धाराशिव धावपट्टीवर प्रशिक्षण वा हवाई क्रीडेस परवानगी देण्यापूर्वी एव्हगॅसच्या साठवणुकीची व पुरवठ्याची सोय ही अट घालावी.

3. मोटार पेट्रोल चालणाऱ्या विमान इंजिनांसाठी तेल कंपन्यांनी शिसेविरहित व इथेनॉलमुक्त पेट्रोल सीलबंद पिंपांत, नोंदणीकृत विमानधारकांना द्यावे. मागणी थोडी असल्याने वाहनांच्या मिश्रण कार्यक्रमाला बाधा येणार नाही.

4. प्रत्येक धावपट्टीवर वर सांगितलेली पाण्याची चाचणी सक्तीची करावी. इंधन कोठून आले व चाचणीत काय आढळले, याची नोंद वहीत ठेवावी.

5. प्रत्येक पंपावर इथेनॉलची प्रत्यक्ष टक्केवारी ठळक मराठीत लिहावी.

6. इथेनॉलपासून विमान इंधन करणाऱ्या प्रकल्पासाठी धाराशिव जिल्ह्याचा विचार व्हावा आणि त्याच्या नफ्यातील हिस्सा ऊसदरात मिळावा.

7. 7 डिसेंबर 2023 रोजी उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर गाळप हंगाम सुरू असतानाच बंदी आली. असे धोरण हंगामाच्या मध्यात बदलू नये.

8. महासंचालनालय, औद्योगिक विकास महामंडळ, तेल कंपन्या, साखर कारखाने व आमचे प्रतिनिधी यांची संयुक्त बैठक जिल्हाधिकारी कार्यालयात 60 दिवसांच्या आत घ्यावी.

यातील पहिली व चौथी मागणी पूर्ण करण्यास पैसा लागत नाही, केवळ एक आदेश लागतो. अपघात झाल्यावर चौकशी समिती नेमण्यापेक्षा तो आदेश आज काढावा. बैठकीत मांडण्यासाठी इंजिननिहाय माहिती व चाचणीचे प्रात्यक्षिक देण्यास आम्ही तयार आहोत. 60 दिवसांत बैठक न झाल्यास लोकशाही मार्गाने जिल्हाधिकारी कार्यालयासमोर धरणे धरू, याची नोंद घ्यावी.

आपले विनीत,
धाराशिव जिल्ह्यातील ऊस उत्पादक शेतकरी, वैमानिक प्रशिक्षणार्थी व पालक
(सह्यांची यादी सोबत)

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी :
1. मा. केंद्रीय पेट्रोलियम व नैसर्गिक वायू मंत्री, नवी दिल्ली.
2. मा. महासंचालक, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली.
3. मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, मुंबई.
4. मा. साखर आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे.