काय म्हणतो काय-वर्ग?

या वेळचा विषय थेट गोंदिया जिल्ह्यातून आला आहे. गोंदियाजवळच्या बिरसीचं नाव तुम्ही विमानतळामुळे ऐकलं असेल. ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथं धावपट्टी बांधली, तेच हे बिरसी. पण आपला प्रश्न विमानाचा नाही, चिंचोक्यांचा आहे!

अशी कल्पना करा. उन्हाळ्याची सुट्टी, बाहेर रणरणतं ऊन. बिरसीच्या एका घरात ओसरीवर खडूनं पट आखलाय आणि भाऊ-बहीण खेळतायत. फासे म्हणून चार चिंचोके, एका बाजूनं फरशीवर घासून पांढरे केलेले. चारही पांढरे पडले तर चार घरं. चारही काळे पडले तर आठ घरं. बहिणीला सारखे आठ पडतायत. भाऊ चिडतो, “तू लबाडी करतेस!” ती म्हणते, “नशीब आहे माझं!” आता आई कुणाची बाजू घेणार?

लबाडीचा आरोप ही साधी गोष्ट नाही बरं का. तो खोटा निघाला तर एका शहाण्या मुलीवर उगाच डाग. म्हणून आरडाओरडा न करता वही-पेन्सिल घ्यायची आणि मोजायचं.

आधी ‘अपेक्षा’ ठरवू

समजा, चिंचोके अगदी समतोल आहेत. म्हणजे पांढरी बाजू पडण्याची आणि काळी बाजू पडण्याची शक्यता सारखीच. एक चिंचोका २ प्रकारे पडतो. मग चार चिंचोके २ × २ × २ × २ = १६ प्रकारे पडतात. त्यात एकही पांढरा नाही असा प्रकार १, एक पांढरा असे ४, दोन पांढरे असे ६, तीन पांढरे असे ४ आणि चारही पांढरे असा १. म्हणजे चिंचोके १६० वेळा टाकले, तर अपेक्षा १०, ४०, ६०, ४०, १० अशी हवी.

आता भावानंच १६० वेळा टाकून वहीत मांडलं आणि समजा असे आकडे आले :

एकही पांढरा नाही : १८
एक पांढरा : ५०
दोन पांढरे : ५६
तीन पांढरे : ३०
चारही पांढरे : ६

अपेक्षेपेक्षा फरक तर आहे. पण थोडाफार फरक पडणारच की! नाणं १० वेळा उडवलं तर दर वेळी ५ छापे थोडेच पडतात? खरा प्रश्न असा : हा फरक योगायोगानं पडू शकेल एवढाच आहे, की त्याहून जास्त?

‘काय’ म्हणजे काय?

या प्रश्नाचं उत्तर शोधण्याची रीत इंग्लंडच्या कार्ल पिअर्सन यांनी १९०० साली मांडली. तिचं नाव काय-वर्ग कसोटी. इंग्रजीत कायस्क्वेअर. यातला ‘काय’ म्हणजे आपला “काय रे?” मधला काय नव्हे, ते एका ग्रीक अक्षराचं नाव आहे. पण आपल्याला लक्षात ठेवायला बरं!

रीत अगदी सोपी. प्रत्येक खण घ्या. आलेल्या आकड्यातून अपेक्षित आकडा वजा करा. उत्तराचा वर्ग करा, म्हणजे उणे चिन्ह जाईल. मग त्या वर्गाला अपेक्षित आकड्यानं भागा. भागायचं कशाला? तर ४० अपेक्षित असताना १० चा फरक मोठा असतो, ४०० अपेक्षित असताना तोच फरक किरकोळ. शेवटी सगळ्या खणांची बेरीज करायची.

आपल्या वहीतल्या आकड्यांचं बघू. पहिला खण : १८ मधून १० गेले ८, वर्ग ६४, भागिले १० म्हणजे ६.४. बाकीचे खण तसेच केले की २.५, ०.२७, २.५ आणि १.६ येतात. बेरीज साधारण १३.३.

हे १३.३ मोठे की लहान? त्यासाठी तयार तक्ता असतो. तक्ता बघायच्या आधी ‘मोकळे खण’ किती ते मोजायचं. आपले खण पाच, पण एकूण १६० ठरलेले. चार खण भरले की पाचवा आपोआप ठरतो. म्हणून मोकळे खण चार. चार मोकळ्या खणांसाठी तक्ता ९.४९ ही मर्यादा सांगतो. चिंचोके खरोखर समतोल असतील, तर बेरीज या मर्यादेच्या वर जाण्याची वेळ शंभरात सुमारे पाचदाच येते. आपली बेरीज १३.३. तेव्हा ‘चिंचोके समतोल आहेत’ हे म्हणणं सोडून द्यायला हवं. ते काळ्या बाजूकडे झुकतात.

पण थांबा! म्हणून बहीण लबाड ठरली का? मुळीच नाही. हे आकडे भावाच्या हातून पडलेत आणि चिंचोके दोघांचे तेच आहेत. आठ पडणं सोपं आहे, पण ते दोघांनाही तितकंच सोपं. दोष चिंचोक्यांचा, मुलीचा नाही. कसोटी आपण विचारतो तेवढ्याच प्रश्नाचं उत्तर देते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिच्या तोंडी घालायचं नसतं.

असंच काम वेल्डन नावाच्या इंग्रज जीवशास्त्रज्ञानं केलं होतं. त्यानं १२ फासे एकदम टाकले आणि तेही २६,३०६ वेळा! पाच किंवा सहा १,०५,२२४ वेळा पडायला हवे होते, पडले १,०६,६०२ वेळा. तुम्हाला वाटेल, एवढ्या मोठ्या पसाऱ्यात हा फरक तो काय! पण काय-वर्ग काढला तर सुमारे २७ येतो आणि इथं मर्यादा फक्त ३.८४ आहे. कारण असं सांगतात, की फाशांवरचे ठिपके कोरलेले असतात. सहा ठिपक्यांची बाजू जास्त कोरली गेल्यानं हलकी होते आणि वर राहते. ही आकडेवारी पिअर्सन यांनी आपल्या १९०० सालच्या लेखात वापरली.

भायखळ्याच्या तुरुंगातली टोचणी

आता खेळ बाजूला ठेवू आणि जिवावरच्या प्रसंगाकडे वळू.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. माणसं शहर सोडून पळू लागली. पुण्यात रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगनंच १० मार्च १८९७ रोजी गेल्या. त्याच काळात वाल्देमार हाफकिन हा शास्त्रज्ञ मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये लस तयार करत होता. १० जानेवारी १८९७ रोजी त्यानं ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. तिथल्या ज्या कैद्यांनी तयारी दाखवली, त्यांना लस टोचली. बाकीचे तसेच राहिले.

पुढच्या दिवसांत लस न घेतलेल्यांपैकी १२ जण आजारी पडले, त्यातले ६ दगावले. लस घेतलेल्यांपैकी फक्त २ आजारी पडले आणि दोघंही वाचले.

लसीचा उपयोग झाला, की हाही योगायोग? इथं काय-वर्गाचा दुसरा उपयोग होतो. दोन गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्र आहेत का, ते तपासायचं. हिशेब सोपा व्हावा म्हणून गोल आकडे धरू : लस घेतलेले १५०, न घेतलेले १७०, एकूण ३२०. आजारी एकूण १४.

लसीचा आजाराशी काहीच संबंध नसता, तर हे १४ आजारी दोन्ही गटांत त्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाटले गेले असते. १४ गुणिले १५० भागिले ३२० म्हणजे लस घेतलेल्यांत ६.५६ आणि उरलेल्यांत ७.४४. प्रत्यक्षात आले २ आणि १२. आजारी न पडलेल्यांचे दोन खण तसेच : अपेक्षा १४३.४४ आणि १६२.५६, प्रत्यक्षात १४८ आणि १५८. चारही खणांची बेरीज येते सुमारे ६.२. इथं मोकळा खण एकच, कारण आडव्या-उभ्या बेरजा ठरलेल्या आहेत. एक खण भरला की बाकीचे तिन्ही ठरतात. मर्यादा ३.८४. म्हणजे ‘काही संबंध नाही’ हे म्हणणं टिकत नाही.

गंमत बघा, हाफकिनच्या वेळी ही कसोटी जन्मलीच नव्हती. ती तीन वर्षांनी आली. पुढं १९१५ साली ग्रीनवूड आणि यूल या दोघांनी विषमज्वर आणि कॉलऱ्याच्या लशींचे आकडे याच कसोटीवर घासून पाहिले. हाफकिनची आठवण म्हणून मुंबईत परळला हाफकिन इन्स्टिट्यूट आहे.

एक चाणाक्ष प्रश्न मात्र विचारायलाच हवा. लस घ्यायला जे स्वतःहून पुढे आले, ते मुळातच जास्त धडधाकट असतील तर? काय-वर्ग ‘संबंध आहे’ एवढंच सांगतो, ‘कशामुळे’ ते सांगत नाही. म्हणून आजकाल लशींची चाचणी घेताना कुणाला लस द्यायची ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतात.

आई-बाबांसाठी दोन शब्द

‘आमचं टॉनिक प्यायलेल्या शंभर मुलांपैकी ऐंशी पास’ अशी जाहिरात दिसली, तर मुलांना एकच प्रश्न विचारायला शिकवा : “न प्यायलेल्यांपैकी किती पास?” दुसरा खण रिकामा असेल, तर तुलना होतच नाही. आणि कसोटी वापरताना प्रत्येक खणात अपेक्षित आकडा निदान ५ तरी असावा, नाहीतर तक्त्यावर भरवसा ठेवता येत नाही.

डोकं लढवा!

मेंडेल या धर्मगुरूनं वाटाण्याची झाडं लावून दाणे मोजले. गोल पिवळे ३१५, गोल हिरवे १०८, सुरकुतलेले पिवळे १०१, सुरकुतलेले हिरवे ३२. एकूण ५५६. त्याच्या नियमानं हे दाणे ९ : ३ : ३ : १ या प्रमाणात हवेत. मोकळे खण तीन, मर्यादा ७.८१. काढा बरं काय-वर्ग!

उत्तर ०.४७ च्या आसपास यायला हवं. नियमाशी आकडे छान जुळतात. पण मेंडेलचे सगळेच प्रयोग एकत्र तपासून फिशर या संख्याशास्त्रज्ञानं १९३६ साली म्हटलं, “हे जरा जास्तच छान जुळतंय!” त्यावर पुढं पुष्कळ वाद झाले. वहीतले आकडे हवे तसे ‘नीट’ करायचा मोह झाला तर हे आठवा. काय-वर्ग फार मोठा आला तर शंका येते, तशी फार लहान आला तरीही येते.

तर मग चला, चिंचोके घासायला घ्या. १६० वेळा टाका, खरे पडतील तेच आकडे लिहा, आणि भांडण नंतर!